तिसऱ्या दारातली भागाबाई

हे तुम्हाला पहिल्यांदा सांगतोय. तुमच्याआधी कुणाला नाही — बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. मागं डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, माझ्यापासून काही लपवू नका," तर त्यांना मी तंबाखूचं सांगितलं. हे नाही सांगितलं. आणि तुम्हालाही बोलून नाही, लिहून सांगतोय, कारण मंगल — म्हणजे आमची मंडळी — आत भेंडी चिरून राह्यली, आणि तिला दोन खोल्यांपलीकडून डब्याचं झाकण नीट बसलं की नाही तेसुद्धा ऐकू येतं. असल्या घरात माणसानं तोंड उघडायचं कसं?

जरा धीरानं घ्या. मी एकदम मुद्द्यावर येणार नाही. पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं, तास संपेपर्यंत विषय पुरवायची सवय लागली, ती आता सुटत नाही.

आमचं गाव अंबडच्या वाटेवर आहे. नाव नका विचारू. नव्वदच्या आसपास गावात नळयोजना आली. पाईपासाठी चर खणताना सरपंचांच्या गोठ्याशेजारी एका गड्याच्या हातातून पहार सुटली आणि खाली गेली — गेली ती गेलीच. पडल्याचा आवाज आला, पण उशिरा. कंदील सोडून पाहिलं, तर खाली गल्ली! फरसबंद, साठ पावलं लांब, एका अंगाला चार आणि दुसऱ्या अंगाला तीन दगडी चौकटी, कोनाडे, बसायचे ओटे. कधीकाळी गावच्या जुन्या गढीची भिंत ढासळली असेल, गल्ली मातीनं निम्मी बुजली असेल, मंग लोकांनी वरून तुळया आणि फरशा टाकल्या, त्यावर घरं बांधली आणि खालचं विसरून गेले. आपल्या लोकांना विसरायला असा कितीसा वेळ लागतो?

एक साहेब येऊन बघून गेले. "जुनी आहे," एवढं म्हणाले आणि चहा पिऊन गेले. बाकीचं आम्ही गावातल्या गावात उरकलं. माती काढली, पायऱ्या बांधल्या, सात बल्ब लावले, तिकीट लावलं. पाटी लागली — 'ऐतिहासिक भुयारी गल्ली. आत थुंकू नये.'

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर, आणि वर जालन्याच्या एका लहानशा दैनिकाचा वार्ताहर. त्यामुळं गल्लीच्या बातम्या धाडायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. आणि खोटं कशाला बोलू — मला ते फार आवडलं. 'भुयारी गल्लीत वीज आली.' 'भुयारी गल्लीत धामण निघाली. पर्यटकांनी घाबरू नये, ती गेली.' 'भुयारी गल्लीस तहसीलदारांची धावती भेट' — ती खरोखरच धावती होती, कारण मधेच वटवाघळं उठली. शिवाय दारात एक काळा फळा टांगलेला, त्यावर 'आजचे कार्यक्रम' माझ्याच अक्षरात. कार्यक्रम नसला तर मी सुविचार लिहायचो, पण फळा रिकामा ठेवला नाही.

पण एक पंचाईत झाली. लोक यायचे, साठ पावलं चालायचे, वळायचे, आणि चार मिनिटांत वर. "बस्स? एवढंच?" एस.टी.चं भाडं खर्चून आलेला माणूस दुसरं काय म्हणणार? सरपंच माझ्याकडं आले. म्हणाले, "गुरुजी, लोकांना पंधरा मिन्टं तरी आत ठिवा. कायबी सांगा, पण सांगा."

काहीबी सांगा! मास्तराला असं कधी सांगू नये.

सुरुवातीला मी बेतानंच सांगायचो. हे पहिलं दार कासाराचं असावं. हे दुसरं तेल्याचं असावं. 'असावं' म्हणायचो बरं का, बिलकुल प्रामाणिक होतो. तिसऱ्या दाराशी मात्र काही सुचायचं नाही. ते दार सगळ्यांत चांगलं — उंच चौकट, ओटा, आत चुलीसाठी खोलगट जागा. आणि त्याच्या बराबर डोक्यावर सरपंचांची म्हैस बांधलेली. ती खूर आपटायची तेव्हा खाली 'धप्' असा आवाज यायचा — खोल, घुमलेला. म्हैस धुतली की फरशीच्या सांध्यातून दोन-चार थेंब खाली गळायचे. लोक दचकून वर बघायचे. मी सांगायचो, "काही नाही, म्हैस आहे." आणि लोकांचा चेहरा पडायचा.

मंग तो रविवार उगवला. त्या दिवशी सकाळी मंगलनं मला चुलीवरच्या दुधाकडं बघायला सांगितलं आणि ती पाण्याला गेली. मी बघत होतो हो! फक्त हातात बातमी होती. 'भुयारी गल्लीत रंगरंगोटी' का असंच काहीतरी. दूध उतू गेलं. सगळं. चूल विझली. त्यानंतर मंगल जे बोलली ते मी लिहीत नाही, पण शेजारची दोन घरं दारात येऊन ऐकून गेली. म्हणाली, "तुमच्यापरीस सरपंचाची म्हैस बरी, ती निदान दूध तरी देते." मी चहा न घेता निघालो. पोटात आग आणि डोक्यात त्याहून जास्ती.

त्याच दिवशी नव्या जालन्याहून एक भजनी मंडळ आलं. तीस बाया. तिसऱ्या दाराशी एकीनं विचारलं, "हितं कोण राहायचं, गुरुजी?"

आणि मी म्हणालो, "भागाबाई."

कुठून आलं ते नाव? देवाला ठाऊक. पण नाव आलं तशी मागून बाई आली — अख्खी. उंच, अंगानं भरलेली, कपाळभर कुंकू. आवाज असा की गल्लीच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाचं पोर झोपेतून उठायचं. डाळीचा दाणा मोजून टाकणारी. नवऱ्याला उभा-आडवा घेणारी. बाया हसायला लागल्या. मला चेव आला. मी म्हणालो, एके दिवशी गढीची भिंत हलली. सगळी गल्ली जीव घेऊन पळाली. भागाबाईपण निघाली होती, पार तोंडाशी पोचली होती — आणि तिला आठवलं की चुलीवर दूध आहे. ती माघारी फिरली. लोक ओरडले, अगं नको, पण ती म्हणाली, उतू जाईल ना! — आणि वरून भिंत आली.

मंग तीस बायांचं चक् चक् चक्. दोघींनी पदर डोळ्याला लावला. एकीनं विचारलं, "आन् नवरा कुठं होता मेला?"

"तो आधीच पळाला होता," मी म्हणालो. हे मात्र फार विचार न करता आलं.

तेवढ्यात वर म्हशीनं खूर आपटला. धप्! तीसच्या तीस बाया हात जोडून उभ्या. मी 'म्हैस आहे' म्हणालो का? नाही म्हणालो. त्या दिवसापासून कधीच नाही म्हणालो.

आता तुमच्या ध्यानात आलंच असेल. घरात जिच्यापुढं माझी ब्र काढायची टाप नव्हती, तिला मी दर रविवारी दोनदा भिंतीखाली गाडत होतो. सुट्टीत तीनदा. आणि घरी येऊन तिच्याच हातची भाकरी खात होतो. मन कसं हलकं व्हायचं! लोकं पंधरा मिनिटं थांबायला लागली. अर्धा तास थांबायला लागली. मी बातमी धाडली — 'भुयारी गल्लीतील भागाबाईची करुण कहाणी' — आणि ती छापून आली, चौकटीत.

माझं पाप एवढंच असतं तर मी डॉक्टरलाच सांगून टाकलं असतं. पण ती बातमी टेंभुर्णीकडं कुणीतरी वाचली.

त्या माणसाला सगळे नाना म्हणायचे. भरल्या घरचा शेतकरी, काळी टोपी, काखेत छत्री — पाऊस असो नसो. नाना एका सकाळी बायको, तीन मुली आणि पुतण्याला घेऊन आले. थोरल्या मुलीचं लग्न तीनदा ठरून मोडलं होतं. देवऋषी म्हणाला होता, तुमच्या घराण्यातली एक बाई मातीखाली आहे, उपाशी आहे, तिचं कुणी काही केलेलं नाही, ती अडवून बसली. नानांनी आज्या-पणज्या सगळ्या आठवून पाहिल्या. सगळ्यांचं रीतसर झालेलं. मंग उपाशी राहिली ती कोण? अशात त्यांच्या हातात माझी बातमी पडली.

तिसऱ्या दाराशी नाना माझं सांगणं टोपी काढून ऐकत होते. मी काय कमी रंगवलं असेल? आठ-दहा गाववाले मागं उभे, सरपंच स्वतः उभे. सगळं सांगून झाल्यावर नाना दाराकडं बघून हळूच म्हणाले, "माय, तू आमचीच का?"

धप्.

आणि वर म्हैस धूत होते. एक थेंब बराबर नानांच्या कपाळावर पडला. नानांनी तो बोटानं टिपला आणि डोळ्याला लावला. मंग तिथंच, त्या फरशीवर, आडवे पडून रडायला लागले. साठीचा माणूस, पोरासारखा.

तेव्हा सांगायला नको होतं? होतं. एका वाक्याचं काम होतं — नाना, ही माझ्या डोक्यातली बाई आहे, आणि वरती म्हैस आहे. पण सरपंच माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते, आणि मला स्वतःलाच कसं — काय सांगू — भरून आलं होतं. आपण रचलेल्या गोष्टीवर एवढं मोठं माणूस रडतं! वर्गात कधी कुणी रडलं नव्हतं, मार खाल्ल्याशिवाय.

त्या वर्षीपासून रीत पडली. नवऱ्याच्या माघारी न राहता, सवाष्णपणी गेलेल्या बाईसाठी पितृपक्षात अविधवा नवमी करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. तिच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, लुगडं द्यायचं, ओटी भरायची. भागाबाईचा नवरा आधीच पळालेला, म्हणजे ती सवाष्णच गेली — इतकं बिनचूक रचलं होतं मी. नाना जीप करून पुरणपोळीचं सामान घेऊन आले. आता सवाष्ण कोण बसवायची? नाना म्हणाले, गुरुजींनी तिला हुडकून काढलं, मान गुरुजींच्या घरचा.

आणि मंगल बसली. तिसऱ्या दाराच्या ओट्यावर, पाटावर, रांगोळी काढून. भागाबाईच्या जागी भागाबाई! मी तूप वाढायला. ती हळू आवाजात मला म्हणते, "बिचारी हो! दुधापायी गेली. बाईचा जीव कशात असतो ते तुम्हाला नाही कळायचं." मी तूप जास्ती वाढलं. दुसरं काय करणार होतो?

हिरवंगार लुगडं घेऊन घरी आली तेव्हा तिचं तोंड बघण्यासारखं होतं. लग्नात तिचा माहेरी नाही आणि आमच्याकडंही नाही, कुठंच मानपान झाला नाही, त्याची मला लाज वाटते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला पाटावर बसवून, पाय धुऊन, आग्रह करून वाढलं होतं. आठवडाभर माझ्यावर एकदाही ओरडली नाही. त्याच साली नानांच्या थोरल्या मुलीचं लग्न जमलं. आता काय बिशाद कुणाची भागाबाईवर संशय घ्यायची! फळ्यावर मी दर वर्षी लिहायला लागलो — 'उद्या अविधवा नवमी. भागाबाईची ओटी. दुपारपर्यंत गल्ली बघण्यास बंद.' बातमी तर ठरलेलीच. मंगलच्या ट्रंकेत हिरवी लुगडी साठत गेली.

तुम्ही म्हणाल, यात कुणाचं काय बिघडलं? मीही तेच म्हणायचो. पाच-सहा वर्षं म्हणत होतो.

मंग कौसाकाकू आली.

मधल्या वारी, दुपारी. शाळेला कसलीतरी सुट्टी होती म्हणून मी गल्लीत फळा पुसत होतो. एस.टी.नं एकटीच आल्ती. फिकं लुगडं, कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी, तळहात भाजल्यासारखे काळपट. तिकीट काढलं — मी नको म्हणालो तरी काढलं. खाली उतरली. प्रत्येक दार नीट बघितलं, पोर परीक्षेचा पेपर वाचतं तसं. तिसऱ्या दाराशी ओट्याच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "मी टेंभुर्णीकडच्या नानांची धाकटी भावजय. कौसा."

नानांना धाकटी भावजय होती? पाच-सहा वर्षं घरच्यासारखं येणं-जाणं, कधी नाव निघालं नव्हतं.

ती तक्रारीच्या सुरात बोलत नव्हती, हे मुद्दाम सांगतो. बाजारहाट सांगावा तसं सांगत होती. लग्नाच्या दुसऱ्या साली नवरा गेला. घरात म्हणायला लागले, हिचा पायगुण. एके दिवशी तिचं बोचकं आधी बैलगाडीत ठेवलं आणि मंग तिला सांगितलं. माहेरी कुणी ठेवून घेतलं नाही. अंबडला पोरांच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायला लागली, ती अठरा वर्षं थापून राह्यली. "साठ-सत्तर पोरं जेवत्यात," म्हणाली, "आपल्यालाबी त्यातलंच." अठरा वर्षांत दीर, पुतणे, जावा — कुणी बघायला आलेलं नाही. आमच्या गावचा एक पोरगा त्या वसतिगृहात होता, त्यानं भागाबाईचं सांगितलं. नाना तिच्यासाठी दर वर्षी लुगडं आणतात म्हणून सांगितलं.

तुम्ही हुशार आहात, तुम्हाला आलं असेल ध्यानात. मलाही तिथंच, त्या क्षणी आलं. घराण्यातली एक बाई. उपाशी. तिचं कुणी काही केलेलं नाही. देवऋषी खरा का खोटा ते सोडा — पण तो जर कुणाबद्दल बोलला असेल, तर ती माझ्यासमोर ओट्याच्या कडेला बसली होती. जिवंत. आणि तिच्या वाट्याचं लुगडं माझ्या घरात ट्रंकेत होतं.

तिनं विचारलं, "खरंच व्हती का हो अशी बाई, गुरुजी?"

आता बघा. सरपंच नव्हते. गाववाले नव्हते. म्हैससुद्धा चरायला गेल्ती. वरून आवाज नाही, थेंब नाही, काही नाही. मी आणि ती. एवढी सोपी परीक्षा मी पहिलीच्या पोरालासुद्धा घातली नसती.

"होती," मी म्हणालो.

तिनं मान हलवली. "बरं झालं. तिला तरी घरचे हुडकीत आले." आणि पिशवीतून एक नारळ आणि एक खण काढला. डाळिंबी रंगाचा, चांगला. तिनं तो कधी घेतला असेल, किती दिवस ठेवला असेल, कुणास ठाऊक. म्हणाली, "मला काई ओटी भरता येत न्हाई. तुमच्या मंडळीच्या हातानं भरा."

मी मंगलला बोलावून आणलं. मंगलनं उंबऱ्यावर ओटी भरली. कौसाकाकू लांब, भिंतीला लागून उभी राहिली, सावलीसुद्धा पडू नये अशी. भागाबाईला नमस्कार करताना तिचे ओठ हलत होते. काय मागितलं ते मला माहीत नाही. माझ्या बायकोवरच्या रागातून निघालेल्या बाईकडं ती काहीतरी मागत होती.

जाताना एवढंच म्हणाली, "नानांना सांगाल का, कौसा आल्ती म्हणून? तेवढंच."

"सांगतो की," मी म्हणालो.

ओटीतला खण रीतीप्रमाणं सवाष्णीचा. मंगलनं त्याची चोळी शिवली. फार छान बसली.

आणि मी नानांना सांगितलं का? पुढच्या नवमीला मी ठरवून गेलो होतो. आदल्या दिवशी वाक्य पाठ केलं होतं, भाषण करायचं असल्यासारखं. नाना हात धूत होते. मी म्हणालो, "नाना, एक बोलायचं होतं."

"बोला की."

"पोळ्या फक्कड झाल्यात."

हसू नका. मी स्वतः त्या वर्षी घरी येऊन हसलो होतो. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणालो, यंदा कटाची आमटी जरा तिखट आहे. त्याच्या पुढच्या वर्षी तर बोलायचं होतं हेसुद्धा म्हणालो नाही. का? सोपं आहे. कौसा आल्ती, एवढं एक वाक्य नानांच्या कानावर पडलं असतं, तर नाना मूर्ख नव्हते. त्यांच्या डोक्यात लगेच उजाडलं असतं की उपाशी बाई कोण. मंग भागाबाई कोण? मंग गुरुजी कोण? मंग फळा, बातमी, नवमी, पाट, रांगोळी — सगळंच गेलं असतं. मंगलचा तो एक दिवस गेला असता. असं मी स्वतःला सांगायचो, की मंगलसाठी गप्प आहे. हे सोयीचं होतं. मंगलला मी बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांत कधी पाटावर बसवलं नव्हतं.

अंबडला मी कामासाठी महिन्यातून दोनदा जायचो. वसतिगृह स्टँडपासून पाच मिनिटांवर. मी दुसऱ्या रस्त्यानं जायचो.

चौथ्या नवमीला नाना आले ते गाडीतून उतरतानाच थकलेले दिसले. छत्री आणायची विसरले होते, यावरून काय ते समजा. खाली सगळी तयारी झाली होती. मंगल पाटावर बसली होती — मागच्या सालचं हिरवं लुगडं आणि अंगात ती डाळिंबी चोळी. नानांनी मला बाजूला घेतलं, दुसऱ्या दाराच्या कोनाड्यापाशी.

म्हणाले, "गुरुजी, आमची एक भावजय होती, धाकट्या भावाची. तुम्हाला काय माहीत असणार म्हणा. अंबडला होती. गेली. वसतिगृहातल्या पोरांनी केलं तिचं सगळं. आम्हाला तेराव्याच्या पुढं कळलं." मंग टोपी काढून हातात फिरवायला लागले. "आम्ही तिला वाईट वागवलं, गुरुजी. मी वागवलं. तिनं वीस-बावीस वरसांत एक निरोप धाडला न्हाई. एक जरी निरोप आला असता ना, मी जाऊन आणली असती. देवाशप्पत."

निरोप. चार वर्षं माझ्या तोंडात होता.

"दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. घरचे म्हणून राह्यले, ती विधवा, पोर ना बाळ, तिचं आता काय करायचं. पर मला वाटतं, हिच्यासंगं तिचंबी इथं काई करावं. एक पान वाढावं. तुम्ही शिकलेले आहात. तुम्ही सांगा, करावं का?"

'करा' म्हणायचं होतं. दोन अक्षरं. त्यात माझं खोटं उघडं पडायचासुद्धा धोका नव्हता! पण 'करा' म्हटलं की ते विचारणार, तुम्ही अंबडला जाता-येता, कधी दिसली का हो, कधी आल्ती का इकडं — आणि मी तोंड उघडलं की सगळंच बाहेर पडेल, अशी मला भीती वाटली. मी नानांकडं बघितलं नाही. तिसऱ्या दाराकडं बघत राहिलो. मंगलच्या अंगावर ती चोळी होती.

धप्.

नानांनी वर बघितलं. मंग दाराकडं. खांदे खाली पडले त्यांचे. "ऐकलंत?" म्हणाले. "नको म्हणतीया भागाबाई. तिला दुसरी नको हितं." आणि टोपी घालून पाटाकडं निघाले, मंगलच्या ओटीत लुगडं घालायला.

वर सरपंचांची म्हैस होती. मी तूप वाढायला घेतलं.